शेरा

मला हवी आहेत एका पाणलोटातली
पिण्याच्या पाण्याची ठिकाणं.
एवढंच.

रुस्ताकच्या ऑफिसात मिळतं ते असं:
एका खात्याकडे विहिरी आहेत, खोली नाही.
दुसऱ्याकडे खोली आहे, गावांची नावं नाहीत.
तिसऱ्याकडचा माणूस रजेवर
आणि कपाटाची किल्ली त्याच्या दिशदाशाच्या खिशात.
उपग्रहानं मोजलेल्या उंचीत
डोंगराच्या सावलीला भोकं, उंदरानं कुरतडल्यागत;
नेमकी तिथूनच वाडी उतरते.

वाडी म्हणजे इथं कोरडी नदी.
आईला फोनवर म्हटलं, उद्या वाडीत जातोय,
तर ती म्हणाली, कुणाच्या?

तीन नकाशे एकावर एक ठेवले.
एकच विहीर तीनदा उमटली,
साडेतीनशे मीटरच्या पसाऱ्यात.
प्रत्येक नकाशाची पृथ्वी
जरा वेगळ्या मापाची, शिंप्याशिंप्यात फरक असतो तशी.
मोघेसाहेब चष्मा वर सारून म्हणाले,
कुठंतरी पाणी मुरतंय.
हो साहेब, म्हटलं, तेच शोधतोय.

घुबैरा गावात सांगितलं, फलजचा वकील भेटेल.
मी काळा कोट शोधत राहिलो.
खल्फान बिन सुहैल पाटाच्या काठावर
चपला उशाशी घेऊन पडला होता.
वकील म्हणजे पाण्याची पाळी सांभाळणारा.
पूर्वी ताऱ्यांवर वाटायचे, आता मोबाईलच्या गजरावर;
अर्ध्या तासाला अथर म्हणतात,
आणि अथर विकतात, गहाण टाकतात, मुलीला देतात.
त्यानं बोटानं उतार दाखवला:
इथं ओंजळीचं पाणी,
खाली मशिदीचं, मग अंघोळीचं, मग खजुरीचं.
चार वाक्यांत वर्गवारी झाली.
माझ्या अर्जाला अकरा आठवडे लागले होते.

मग तीन बिंदू.
पहिला बाभळीच्या काट्यांत: काही नाही.
दुसरा डांबरी रस्त्याच्या मधोमध;
एक पिकअप त्याच्यावरून गेला, शेळ्या भरलेला.
तिसरा झुवैनाबाईंच्या फ्रिजखाली.

त्या हसल्या नाहीत. फ्रिज सरकवायला लावला.
खाली सिमेंटचा गोल, बाकी फरशीपेक्षा काळा.
सासूनं बुजवली, म्हणाल्या, धाकटा रांगायला लागला तेव्हा.
आता टँकर येतो मंगळवारी.
कॉफीला मात्र फलजचंच,
पण वाडीला पूर आला की पुढे चाळीस दिवस
ते तान्ह्याला देत नाही.
का?
चव बसलेली नसते.
कुणी सांगितलं?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी वेलदोड्याचा घोट घेतला आणि गप्प बसलो.

आमच्या गावच्या पाणाड्याची आठवण झाली,
हातात नारळ घेऊन रान तुडवणारा.
त्याला आम्ही पोरं हसायचो.
मी पगारी पाणाड्या, नारळाऐवजी टॅबलेट,
तोही उन्हात तापून बंद पडलेला.

रात्री लॉजवर तक्ता उघडला.
ओळख क्रमांक, अक्षांश, रेखांश, प्रकार,
खोली, क्षार, आम्लता, मालकी, तारीख.
चाळीस दिवस कुठं लिहू?
चव बसणे, त्याचं एकक काय?
शेवटी एकच रकाना उरला, शेरा.
झोपेत होतो, कीबोर्ड बदलायचा राहिला,
सगळं मराठीतच टंकलं,
झुवैनाबाईंच्या नावासकट, आणि पाठवून दिलं.

मस्कतच्या संगणकाला आपली अक्षरं कळत नाहीत.
चार हजार दोनशे ओळींच्या त्या थरात
एका ओळीच्या टोकाला आता
प्रश्नचिन्हांची रांग उभी आहे,
हंडे लावून ठेवल्यासारखी.
परवा फोन आला, हे काय आहे, काढून टाकू का?

मी म्हटलं, असू द्या.
पुरानंतर विचारा.